आधी विचारा, घसरतंय का?

घर्षणाचा धडा मी अकरावीच्या वर्गात गेली कित्येक वर्षं एकाच गणिताने सुरू करतो. फळ्यावर एक आडवी रेघ, तिच्यावर एक चौकोन. चौकोन म्हणजे लाकडी खोकं, वस्तुमान १० किलो. स्थितिक घर्षणांक ०.५, गतिक घर्षणांक ०.४, आणि गुरुत्वत्वरण (जी) सोयीसाठी १०. खोक्याला आडवं २० न्यूटन बल लावलं. खोकं स्थिर होतं. घर्षण बल किती?

उत्तर अर्ध्या मिनिटात येतं आणि जवळजवळ एकमुखाने येतं: ५० न्यूटन. ०.५ गुणिले १० गुणिले १०. वह्यांमध्ये उत्तराखाली दोन रेघाही मारून झालेल्या असतात. मग मी फळ्यावर बाण काढतो. पुढच्या दिशेला २० न्यूटनचा, मागच्या दिशेला ५० न्यूटनचा, आणि विचारतो, आता खोकं कुठे जाईल? मागे ३० न्यूटन उरतात. म्हणजे ढकललेलं खोकं उलट फिरून, ३ मीटर प्रति सेकंद वर्ग त्वरणाने, ढकलणाऱ्याच्याच अंगावर चालून यायला हवं. घर बदलताना असं खोकं कुणी पाहिलंय का?

वर्ग हसतो, पण ते हसणं थोडं ओशाळं असतं. कारण गुणाकार तर बरोबर होता.

बरोबर उत्तर २० न्यूटन. जेवढं लावलं तेवढंच. १० लावले असते तर १०, ३० लावले असते तर ३०, आणि काहीच लावलं नसतं तर शून्य. स्थितिक घर्षणाला स्वतःचा असा ठराविक आकडा नसतो. समोरून जेवढी मागणी येते तेवढंच ते देतं, एका मर्यादेपर्यंत. ती मर्यादा म्हणजे म्यू (घर्षणांक) गुणिले एन (लंब प्रतिक्रिया), आपल्या खोक्यापुरती ५० न्यूटन. वाण्याकडे आपली ५०० रुपयांपर्यंत उधारी चालते म्हणून रोजचं बिल ५०० रुपये होत नाही. ५० न्यूटन ही उधारीची मर्यादा आहे, आणि मुलं ती बिल म्हणून लिहून येतात.

मर्यादा ओलांडली की मात्र हिशेब बदलतो. ६० न्यूटन लावले तर खोकं सुटतं, आणि सुटल्यावर स्थितिक घर्षण संपून गतिक सुरू होतं: ०.४ गुणिले १००, म्हणजे ४० न्यूटन. उरले २०, त्वरण २. आता गंमत बघा. हलत्या खोक्यावरचं बल कमी करून ४५ न्यूटनवर आणलं तरी ते चालत राहतं, त्याचा वेग वाढतच राहतो, कारण मागे ओढणारे ४०च आहेत. तेच ४५ न्यूटन स्थिर खोक्याला लावले असते तर ते जागचं हललं नसतं. लोखंडी कपाट सरकवणाऱ्या प्रत्येकाला हे हाताने ठाऊक असतं: पहिला हिसका जड, पुढे सोपं. म्हणूनच 'एकदा सरकलं की थांबवू नका' असं हमाल ओरडतात.

त्यामुळे या पुस्तिकेतल्या प्रत्येक उदाहरणाच्या आधी एकच प्रश्न छापला आहे: घसरतंय का? घसरत असेल तर गतिक सूत्र लावा. घसरत नसेल तर घर्षण माहीत नाही असं धरा, इतर बलांची बेरीज मांडा, समतोलाला किती लागतं ते काढा आणि मग ते मर्यादेत बसतं का ते तपासा. बसलं तर तेच उत्तर. बसलं नाही तर 'घसरत नाही' हे आपलं गृहीतच चुकलं, मागे या. सूत्र शेवटी येतं. शिकवणीच्या नोट्समध्ये ते पहिल्या ओळीत, चौकटीत, लाल शाईत असतं, आणि माझ्या मते अर्धी चूक तिथेच घडते.

उरलेल्या अर्ध्या चुकीतली बरीचशी भौतिकशास्त्राची नसतेच. ही पुस्तिका मराठीत लिहायचं कारणही तेच. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेलं मूल अकरावी विज्ञानाला आलं की एका उन्हाळ्यात सगळं पुस्तक इंग्रजी होतं. नुसते कठीण शब्द असते तर शब्दकोश पुरला असता. अडचण सोप्या शब्दांची आहे. 'नॉर्मल' हा शब्द मुलांना टीव्हीवरून ठाऊक असतो: नॉर्मल म्हणजे साधारण, नेहमीचं. मग 'नॉर्मल फोर्स' म्हणजे नेहमीचं बल, आणि नेहमीचं बल म्हणजे वजन, असा सरळ रस्ता मनात तयार होतो. एका विद्यार्थिनीने मला विचारलं होतं, 'सर, मग अ‍ॅबनॉर्मल फोर्स कुठे असतो?' मी हसलो नाही, कारण प्रश्न रास्त होता. भूमितीत नॉर्मल म्हणजे लंब, पृष्ठभागाशी काटकोनात. लंब प्रतिक्रिया हा आपला शब्द हे एका झटक्यात सांगून टाकतो.

'स्मूथ'चंही तसंच. गुळगुळीत पृष्ठभाग म्हणजे गणिताच्या भाषेत घर्षण शून्य, मग प्रत्यक्षात काचेवर काच कितीही चिकटून बसो. 'रफ' म्हणजे खडबडीत नव्हे, फक्त 'इथे घर्षण मोजायचं आहे' अशी सूचना. 'लाइट स्ट्रिंग' म्हणजे उजेडाची दोरी नव्हे, जिचं वस्तुमान सोडून द्यायचं अशी दोरी. आणि 'जस्ट अबाउट टु स्लाइड' या चार शब्दांत तर अख्खं गणित दडलेलं असतं: वस्तू अजून स्थिर आहे, पण घर्षण मर्यादेला पोचलं आहे. घसरत नसतानाही म्यू एन लिहायची परवानगी देणारा हा एकच प्रसंग. तो वाक्यात ओळखता आला नाही तर पुढचं सगळं बीजगणित वाया जातं.

आता एनकडे वळू. ज्या गणितांत खोकं सपाट जमिनीवर असतं आणि बल आडवं असतं तिथे एन म्हणजे वजन, हे खरं. पहिली पाच-सहा गणितं अशीच असतात आणि त्यातून सवय लागते. ती मोडण्यासाठी मी धान्याचं पोतं घेतो. ५० किलोचं पोतं, फरशीशी घर्षणांक ०.४ धरू. आडवं ओढायचं तर २०० न्यूटन लागतात. आता दोरी बांधून जमिनीशी ३० अंशांचा कोन करून वर ओढा. बलाचा काही भाग पोतं थोडं उचलून धरण्यात जातो, त्यामुळे जमिनीवरचा दाब कमी होतो, घर्षणाची मर्यादाही कमी होते आणि १८८ न्यूटनमध्ये काम होतं. तेच पोतं मागून, ३० अंश खाली झुकून ढकला. आता तुमचंच बल पोत्याला जमिनीत दाबतं. लागतात जवळजवळ ३००. पोतं तेच, फरशी तीच, फक्त पुढून ओढायच्या ऐवजी मागून ढकललं, आणि दीडपटीहून जास्त ताकद गेली. अजून वाकून, ६८ अंशांच्याही पुढे जाऊन ढकललं तर हत्तीची ताकद लावूनही पोतं हलणार नाही, कारण जोर वाढवावा तसा अडथळा त्याहून जास्त वाढतो. हा ६८चा आकडा कुठून आला ते तिसऱ्या प्रकरणात आहे. पण ज्याला टॅन्जंट येतो त्याने आधी स्वतः काढून बघावा.

याच्या उलट टोकाचं उदाहरण भिंतीचं. २ किलोचं पुस्तक तळहाताने भिंतीवर दाबून धरलंय, म्यू ०.४, दाब ८० न्यूटन. घर्षण किती? गुणाकार ३२ सांगतो. पण पुस्तक खाली ओढणारं वजन फक्त २० न्यूटनचं आहे, तर ३२ न्यूटन वर कशाला लागतील? पुस्तक भिंतीवरून आपोआप वर चढलेलं मी अजून पाहिलं नाही. घर्षण २०. ५० न्यूटनपेक्षा कमी दाबलं तर पुस्तक निसटेल. त्यापेक्षा कितीही जास्त दाबा, घर्षण २०च. दाबल्याने मर्यादा वाढते, घर्षण वाढत नाही. इथे एनचा वजनाशी काडीचा संबंध नाही, कारण एन आडवा आहे आणि वजन उभं. म्हणून आकृती काढताना मी एक नियम घालून दिला आहे: प्रत्येक बाणाला आईबाप हवेत. हे बल कुणी लावलं? पृथ्वीने, भिंतीने, हाताने, दोरीने? उत्तर देता आलं नाही तर तो बाण खोडा. 'गतीचं बल' नावाचा एक पोरका बाण दरवर्षी निम्म्या वह्यांमध्ये फिरत असतो.

घर्षणाच्या दिशेबद्दल मात्र मला थोडं सविस्तर लिहायचं आहे. 'घर्षण गतीला विरोध करतं' हे वाक्य आपण शाळेत घोकतो. सहावीला ते ठीक आहे. अकरावीत ते जसंच्या तसं आणलं की चालणाऱ्या माणसाचं गणित सुटत नाही. चालताना पाय जमिनीला मागे ढकलतो. तळवा मागे घसरू पाहतो. घर्षण त्या घसरण्याला विरोध करतं, म्हणजे पुढे ढकलतं. ओल्या मोरीत पाय सटकतो तेव्हा नेमकी हीच पुढची ढकल नाहीशी झालेली असते. टेम्पोत ठेवलेलं आपलं १० किलोचं खोकं घ्या. टेम्पो ३ मीटर प्रति सेकंद वर्ग त्वरणाने निघाला तर खोक्याला पुढे नेणारे ३० न्यूटन कोण देतं? दोरी नाही, इंजिन नाही. खोक्याला शिवलेला टेम्पोचा तळ हाच काय तो आहे, म्हणजे घर्षण. मर्यादा ५० असल्याने चालकाला ५ त्वरणापर्यंत मोकळीक आहे, त्यापुढे खोकं मागे राहील. घर्षण विरोध करतं ते दोन पृष्ठभागांच्या एकमेकांवरून घसरण्याला. गतीशी त्याचं वैर नाही.

ज्यांना हे पटत नाही त्यांनी एकदा कर्जतला उतरून बघावं. बोरघाटातला लोहमार्ग १८६३ साली सुरू झाला आणि त्याचा चढ ३७ला १ आहे: ३७ मीटर पुढे गेलं की १ मीटर वर. ऐकायला किरकोळ वाटतो, दीड अंशाचा. पण पोलादी चाक पोलादी रुळावर उभं असतं आणि कोरड्या रुळावरही घर्षणांक फार मोठा नसतो. हिशेबासाठी ०.२५ धरू, आणि इंजिनाचं वजन १२० टन. मग रुळाने इंजिनाला पुढे ढकलण्याची कमाल मर्यादा ३० टन वजनाएवढी. चढावर गाडीला मागे ओढणारं बल तिच्या एकूण वजनाच्या ३७व्या भागाएवढं. म्हणजे इंजिनासकट जास्तीत जास्त १,११० टन, आणि तेही बाकीचे सगळे अडथळे सोडून देऊन. मोटर कितीही दणकट बसवा, चाकं जागच्या जागी गरगरतील, गाडी हलणार नाही. रूळ ओले होऊन घर्षणांक ०.१५वर आला तर मर्यादा ६६६ टनांवर येते. म्हणून घाट चढणाऱ्या गाड्यांना कर्जतला मागून बँकर इंजिनं लावतात, आणि म्हणूनच इंजिनात चाकांच्या पुढ्यात रुळावर वाळू सोडायची सोय असते. विजेवर चालणाऱ्या आधुनिक इंजिनातही ही वाळूची पेटी असते, हे कळल्यावर माझ्या वर्गातल्या मुलांना जेवढा आनंद झाला तेवढा न्यूटनचा तिसरा नियम शिकवून कधी झालेला नाही. कर्जतच्या फलाटावर वडा खात खात आपण ज्याची वाट बघतो ते बँकर म्हणजे म्यू एन मधला एन वाढवायचा उपाय आहे: रूळ पकडणारी आणखी चाकं, त्यांवर आणखी वजन.

हे नियम आले कुठून? लिओनार्दो दा विंचीच्या वह्यांमध्ये, पंधराव्या शतकाच्या शेवटी, ठोकळे आणि दोऱ्यांची चित्रं आहेत आणि घर्षण वजनाच्या प्रमाणात असतं हे त्याला उमगलं होतं. पण वह्या छापल्या गेल्या नाहीत, त्यामुळे पुढच्यांना उपयोग शून्य. फ्रान्समध्ये आमोंताँ यांनी १६९९ साली तेच पुन्हा मांडलं, आणि सोबत एक चमत्कारिक वाटणारी गोष्टही: घर्षण स्पर्शाच्या क्षेत्रफळावर अवलंबून नसतं. वीट आडवी ठेवा की उभी, ओढायला तेवढंच बल लागतं. मग आले कूलॉम. हे नाव निघालं की मुलांना विजेचे प्रभार आठवतात. पण हे गृहस्थ मूळचे लष्करी अभियंता. रोशफोर बंदराच्या गोदीत त्यांनी लाकूड, लोखंड आणि दोर घेऊन घर्षणाचे प्रयोग केले, आणि त्यावरच्या निबंधाला फ्रेंच अकादमीचं १७८१चं बक्षीस मिळालं. म्हणजे आपल्या पुस्तकातला हा स्वच्छ, गुळगुळीत धडा मुळात जहाजांच्या आणि वंगणाच्या वासातून आलेला आहे.

क्षेत्रफळाचं कोडं विसाव्या शतकात सुटलं. केंब्रिजच्या बोडेन आणि टेबर यांनी दाखवलं की कोणतेही दोन पृष्ठभाग बारकाईने पाहिले तर डोंगर-दऱ्यांसारखे असतात आणि फक्त शिखरं शिखरांना टेकतात. दिसणारं क्षेत्रफळ मोठं असलं तरी खरा स्पर्श त्याच्या अगदी थोड्या भागात होतो. वजन वाढलं की शिखरं दबतात, खरा स्पर्श वाढतो. वीट उभी केली तर टेकणारी शिखरं कमी, पण प्रत्येकावर भार जास्त, त्यामुळे बेरीज तीच राहते. म्हणूनच हे नियम निसर्गाचे अटळ कायदे नाहीत, अनुभवाचे चांगले ठोकताळे आहेत. रबराला ते नीट लागू पडत नाहीत. चिकटपट्टीला तर विचारूच नका. परीक्षेत हे लिहू नका, पण माहीत असू द्या.

घर्षणांक एकट्याचा नसतो, जोडीचा असतो. 'लाकडाचा म्यू किती' हा प्रश्न अर्धवट आहे, लाकूड कशावर? कॅरम खेळणाऱ्यांना हे सांगावं लागत नाही. तोच बोर्ड, त्याच सोंगट्या, पण मध्ये बोरिक पावडर पडली की जोडी बदलते, आणि जुलैच्या दमट दुपारी तोच स्ट्रायकर अर्ध्या वाटेत थबकतो.

सर्वांत स्वस्त प्रयोग मी मुद्दाम शेवटी ठेवला आहे. ३० सेंटिमीटरची लाकडी पट्टी आणि एक नाणं. पट्टीच्या टोकावर नाणं ठेवायचं आणि ते टोक हळूहळू उचलायचं. माझ्या टेबलावर टोक १२ सेंटिमीटर उंच झालं तेव्हा नाणं सुटलं. पायथ्याची लांबी पायथागोरसने साडेसत्तावीस येते. १२ भागिले २७.५ म्हणजे सुमारे ०.४४, हाच स्थितिक घर्षणांक. ना तराजू लागला, ना स्प्रिंग बॅलन्स. मग पट्टी १० सेंटिमीटरवर धरली. नाणं बसून राहिलं. नखाने हलकी टिचकी मारली, आणि ते थेट खालपर्यंत गेलं. स्थितिक आणि गतिक घर्षणातला फरक याहून कमी खर्चात दाखवता येईल असं मला वाटत नाही. शेवटी एका नाण्यावर दुसरं चिकटवलं, वजन दुप्पट केलं, आणि वर्गाला विचारलं की आता किती उंचीवर सुटेल. बहुतेकांनी हात वर करून 'आधी सुटेल' म्हटलं; दोघे-तिघे 'नंतर' म्हणाले. सुटलं १२वरच. उतारावर ओढणारं बलही वजनाच्या प्रमाणात आणि अडवणारी मर्यादाही वजनाच्या प्रमाणात, तेव्हा वजन दोन्हीकडून कटतं. फळ्यावर हे दोन ओळींत सिद्ध होतं. पण आधी पैज लावून हरल्याशिवाय त्या दोन ओळी डोक्यात शिरत नाहीत, असा माझा अनुभव आहे.

पुस्तिकेतली उदाहरणं सोप्याकडून कठिणाकडे लावलेली नाहीत, मुद्दाम. तसं केलं की पानाचा क्रमांक बघूनच सूत्र निवडलं जातं. काही गणितांत जास्तीचे आकडे दिले आहेत, त्यांची गरज नाही. काहींत वस्तुमान दिलेलं नाही. छपाईची चूक समजून कळवू नये. उत्तरं शेवटच्या पानांवर आहेत. फक्त शेवटच्या उदाहरणाचं उत्तर दिलेलं नाही: तुमचा जेवणाचा डबा, आधी रिकामा आणि मग भरलेला, तुमच्या वहीच्या पुठ्ठ्यावर कितव्या सेंटिमीटरला सुटतो ते मोजा. पुठ्ठा तुमचा, डबा तुमचा, त्यामुळे आकडा मला ठाऊक असण्याचं कारण नाही. रिकाम्या आणि भरलेल्या डब्याचे आकडे फार वेगळे आले तर मात्र झाकणातून आमटी गळतेय का ते आधी बघा.